बुधवारचा तारा

पावसाळ्यात चांदा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जाऊ नये, असं मला नागपुरात चार शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. मी गेलो. त्या दिवसांत मी कुणाचं ऐकत नसे. बी.एस्सी.ला गणित घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो, आणि पोटापाण्याचं पाहायचं सोडून गावोगाव पत्रकं वाटत हिंडत होतो. देवी अंगात येण्याविरुद्ध एक, मंत्राने विंचू उतरवण्याविरुद्ध एक. सत्तावन्न साली उन्हाळ्यात एक धूमकेतू दिसून गेला आणि श्रावणात दुसरा उगवला, तेव्हा मी ‘धूमकेतू आणि धसका’ नावाची पुस्तिका काढली. तीत ठणकावून लिहिलं होतं की प्रत्येक धूमकेतूला वेळापत्रक असतं, तो गाडीसारखा येतो आणि गाडीसारखा जातो, त्याला घाबरायला तो काही मारका बैल नव्हे.

त्यावर कुरखेड्यापलीकडच्या एका खेड्यातून पत्र आलं. अक्षरं बोटभर उंच, ओळी उताराला लागलेल्या. “आपण लिहिता की प्रत्येक धूमकेतूचे वेळापत्रक असते. सध्याच्या धूमकेतूचे मी मांडून पाहिले. जमत नाही. आपण गणित शिकलेले दिसता. येऊन चूक काढून द्याल तर उपकार होतील.” खाली सही: उरकुडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक.

मला आधी राग आला, मग उत्सुकता वाटली. लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक आणि पुस्तिकांचा एक गठ्ठा पिशवीत टाकून मी निघालो.

वडसा ते सती नदी

लहान रुळांच्या गाडीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वडशाला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि स्टेशनाबाहेर एकच छकडा उभा होता. गाडीवान लहानू आधी नाही म्हणाला. पोळा दोन दिवसांवर आला होता, दुसऱ्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, मग त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आजच्या आज पोचवून परत फिरेन, वाटेत कुठे थांबायचं म्हणाल तर थांबणार नाही, या बोलीवर तो तयार झाला.

आमच्याकडे वऱ्हाडात या दिवसांत कपाशीची काळी रानं दिसतात. इथे सगळं भाताचं. बांध्यांतून गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, आणि त्यामागे लगेच जंगल, जणू कुणी शेताच्या कडेला हिरवी भिंत बांधून ठेवलेली. एका नाल्यात छकडा रुतला. मी उतरून चाकाला खांदा लावला तर एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. लहानूने ती शोधायला नकार दिला. म्हणाला, दुसरीही टाकून द्या, एका चपलेचा माणूस बैलाले बुजवतो. टाकली.

वाटेत मी त्याला पुस्तिका दिली. त्याने कागद बोटांत चुरून पाहिला आणि बिडीसाठी जाड आहे असं मत दिलं. पण विषय निघाला तो निघाला. शेपटीचा तारा त्यानेही पाहिला होता. आणि मी ज्या गावाला चाललो होतो तिथलीच हकीकत त्याने मला सांगितली.

त्या गावात ढीवरांची वीसेक घरं. तलावाची मासळी सगळ्यांत हिश्शाने वाटायची. त्यातला डोमा नावाचा माणूस श्रावणात तलावात बुडून गेला. त्याची बायको सगुणा. आणि या सगुणेने त्याच सुमाराला, गावात सगळ्यांच्या आधी, तो शेपटीचा तारा पाहिला होता. नुसता पाहिला नाही, बांबूची पट्टी धरून मोजला होता. लोक म्हणाले, ताऱ्याकडे बोट दाखवलं, ताऱ्याने घरातला माणूस नेला. तिचा हिस्सा बंद करावा, तिने तलावाला पाय लावू नये, असं निघालं.

“मंग?” मी विचारलं. मी भाषणाच्या तयारीत होतो.

“मंग काई नाई जी. त्यायचा म्होरक्या आडकूजी शहाना मानूस. त्यानं हिसाब लावला. तारा पाह्यला बुधवारी. डोमा गेला गुरवारी, सूर्य निंघाल्यावर. वार बदलला होता. येका वाराचं दुसऱ्या वाराले लागत नाई. बाई सुटली.”

मी हसलो. खोट्या गुन्ह्याला खोटाच पुरावा, आणि निकाल मात्र बरोबर, असं काहीसं मी त्याला ऐकवलं. लहानूने बैलांना हाकललं आणि सती नदीच्या काठावर मला उतरवून परत फिरला. पुढे डोंगा, म्हणजे लाकडाची लहान नाव. पाणी लाल आणि जोरात होतं. पलीकडे गाव.

मास्तरांची सपरी

उरकुडे मास्तर सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बाजेवर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्या डावीकडच्या खांबाकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अक्षरं बोटभर उंच का होती ते मला तेव्हा कळलं. ज्या धूमकेतूचं गणित त्यांनी मांडलं होतं, तो त्यांनी स्वतः पाहिलेलाच नव्हता.

“या जी. पाय धुवा आधी. चप्पल कुठी गेली?”

भात, वास्त्याची म्हणजे बांबूच्या कोंबाची भाजी आणि झिंगे असं जेवण झालं. झिंगे मी कधी खाल्ले नव्हते, आमच्या घरी मासळीचा वास चालत नाही. मास्तरांच्या मंडळींनी दुसऱ्यांदा वाढले तेव्हा मी नको म्हटलं नाही. मग वही निघाली.

मास्तरांची पद्धत मी नागपुरात कुणाला सांगितली असती तर हसले असते. ढीवर जाळं विणतात तेव्हा सगळे फास सारखे यावेत म्हणून बांबूची एक पट्टी वापरतात. तसल्या पट्टीवर सगुणेने फासाफासाच्या अंतराने खाचा पाडल्या होत्या. पट्टीच्या मध्याला सुतळी, सुतळीला गाठ. गाठ दातांत धरायची, सुतळी ताठ होईल इतकी पट्टी लांब करायची, आणि धूमकेतूपासून ओळखीच्या दोन ताऱ्यांपर्यंत किती फास होतात ते मोजायचं. डोळ्यापासून पट्टीचं अंतर दर वेळी सारखंच. एका फासाला किती अंश पडतात ते मास्तरांनी सप्तर्षींच्या अंतरांवरून तिच्याकडून आधीच बसवून घेतलं होतं. सगुणेला लिहिता येत नव्हतं, पण ती अर्धा फास, पाव फास सांगायची. जन्मभर गाठी मारणाऱ्या बाईच्या बोटांत जी मोजदाद असते ती माझ्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी पाहिली नाही.

अशी तीन निरीक्षणं होती. पावसाळ्यात आभाळ तीनदाच फाटलं. पहिलं पहाटेचं, ईशान्येला, पुनर्वसूच्या जवळ. पुढची दोन संध्याकाळची, वायव्येला, कारण तोवर धूमकेतू सूर्याला वळसा घालून पलीकडे गेला होता. कक्षा काढायला तीन जागा पुरतात. फार लांबून येणाऱ्या धूमकेतूची वाट सूर्याजवळ अन्वस्त, म्हणजे दोन्ही टोकं कधी न मिळणारी कमान, धरायची, तिन्ही निरीक्षणांतून ती बसवायची, मग उलटं गणित करून पाहायचं की त्या वाटेवर मधल्या दिवशी तो कुठे दिसायला हवा होता. दिसला होता तिथेच आला, तर कक्षा जमली.

मास्तरांची जमत नव्हती. मधली जागा चांगली दोन फास बाजूला जात होती.

दुसरा दिवस मी आकड्यांत घालवला. बाहेर धो धो पाऊस, आत मी आणि लॉगची कोष्टकं. मास्तर बाजेवर बसून माझ्या पेन्सिलीचा आवाज ऐकत. मधूनच विचारत, “सापडली का चूक?” बेरजेत एक बारकी चूक सापडली तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. ती दुरुस्त करून फरक पडला नाही म्हणालो, तर पुन्हा मावळला. इतकं मनाला लावून घेणारा गणिती मी पाहिला नव्हता. मला ते आवडलं होतं. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

पोळा

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैलांचं तोरण सुटलं. शिंगांना रंग, पाठीवर झुली, आणि आमच्या गावासारखीच मानाच्या बैलावरून भांडणं. ढीवरांकडे बैल थोडे. त्यांची माणसं एका बाजूला उभी राहून पाहत होती. तिथे मी सगुणेला पहिल्यांदा पाहिलं. तिशीची असेल. कपाळ मोकळं. बायका तिच्याशी बोलत होत्या, कुणी बाजूला सरकत नव्हतं. आडकूजीही होता, साठीचा, बुटका, तोंडात तंबाखू. त्याने मला रामराम केला आणि आमच्या मास्तरचा हिसाब लावून द्या म्हणाला.

दिवस मावळताना पश्चिमेचं आभाळ अचानक साफ झालं. मास्तरांना ते दिसलं नाही, पण वाऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी सगुणेला निरोप धाडला. ती आली, कोनाड्यातली पट्टी घेतली आणि अंगणात उभी राहिली. मीही पाहिला. स्वातीच्या खालच्या अंगाला, झाडांच्या वर, पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका आणि त्याला वर उठलेली फिकट शेपूट. मी त्याच्यावर सोळा पानं लिहिली होती आणि तो नीट असा त्या दिवशीच पहिल्यांदा पाहत होतो.

तिने गाठ दातांत धरली. एकदा मोजलं, हात खाली केला, डोळे पुसले, पुन्हा मोजलं.

“सव्वाचार फास. अन् त्या खालच्या ताऱ्यापासून तीनाले थोडा कमी.”

चौथं निरीक्षण मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी ते घालून पाहिलं, आणि गोष्ट स्पष्ट झाली. संध्याकाळची तिन्ही एकमेकांशी गुण्यागोविंदाने जुळत होती. पहिलं, पहाटेचं, तेवढं एकटं वाकडं.

मी तसं सांगताच मास्तर घाईने म्हणाले, “मंग सोडून द्या ना ते पहिलं. या तिघांवर काढा.”

मी म्हणालो, तसं कसं सोडणार? तेच तर सूर्याच्या सगळ्यात जवळचं, त्याच्यावाचून कक्षा लंगडी राहते. आणि खरं निरीक्षण गैरसोयीचं झालं म्हणून टाकून द्यायचं, मग आपल्यात आणि अंगारे देणाऱ्यात फरक काय? मी हे बऱ्याच जोरात बोललो. मास्तरांनी आणखी एकदा म्हणून पाहिलं, “जाऊ द्या जी, तीनही पुरतात.”

दुपारी सगुणा मास्तरांच्या मंडळींना मासळी द्यायला आली. आडकूजी आधीपासून सपरीत बसून जाळं दुरुस्त करत होता. मी सगुणेला थांबवलं आणि त्या पहाटेचं सगळं विचारलं. ती मास्तरांकडे पाहत होती, आणि मास्तर नेहमीप्रमाणे खांबाकडे.

तिने सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो. रोज ती डोंग्यात मागच्या बाजूला बसायची, डोमा पुढे जाळं उचलायचा. त्या पहाटे आभाळ मोकळं झालं होतं आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचताच तिला तो तारा दिसला. असा तारा दिसला तर मोज, असं मास्तरांनी आषाढापासून सांगून ठेवलं होतं, पट्टी तिच्या कमरेलाच होती. डोमा म्हणाला, तू मोज, मी एकला जातो. ती मोजत राहिली. तारा उजेडात बुडाला, सूर्य वर आला, डोंगा उलटा दिसला.

“तारा कधी दिसला, वार कोणता?”

“बुधवार जी.”

“बुधवार उजाडत होता?”

“नाई. बुधवारची रात सरत आलती. उजाडाचं होतं.”

मी पेन्सिल फेकली. इतकी साधी गोष्ट. या माणसांचा वार सूर्याबरोबर उगवतो, सूर्य येईपर्यंत कालचाच वार चालू. आणि मास्तरांनी वहीत बुधवारची तारीख मांडली होती. पंचांगाचं ठीक आहे, पण मास्तरांकडच्या ज्या इंग्रजी कोष्टकांवरून आम्ही सूर्याची जागा काढत होतो त्यांचा दिवस मध्यरात्री बदलतो. निरीक्षण अख्ख्या एका दिवसाने मागे पडलं होतं, आणि त्या दिवसांत धूमकेतू वेगाने पळत होता. एक दिवस म्हणजेच ती दोन फासांची चूक.

“बुधवार नव्हताच तो,” मी म्हणालो, “गुरुवार होता. तुमची गिनतीच चुकीची. मध्यरात्रीच गुरुवार लागला होता. तारा गुरुवारचा.”

आडकूजीच्या हातातली सुतळी थांबली होती. सगुणेने टोपली उचलली आणि मागच्या दाराने न जाता अंगणातून, सगळ्यांसमोरून निघून गेली. मी अजूनही आनंदात होतो. मास्तरांना म्हणालो, सापडली चूक.

“मले माहीत होती ती,” मास्तर म्हणाले. “तिचा मानूस गेला त्याच हप्त्यात समजली. तुमाले बोलावलं ते दुसरी सापडते का म्हनून.”

तलावाची पाळ

संध्याकाळी मी गणित पुरं केलं. गुरुवार धरताच चारही जागा एका वाटेवर आल्या, अर्ध्या फासाचाही फरक नाही. मास्तरांनी वहीत दुरुस्ती केली, वेधशाळेला पत्र सांगितलं, मी ते लिहिलं, त्यांनी बोटभर अक्षरांत सही केली. त्या पत्राला पुढे दोन ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, याहून सूक्ष्म निरीक्षणं आमच्याजवळ आधीच आहेत. मास्तरांनी ते मला नागपूरला पाठवून दिलं. सोबत दुसरं काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर जाळी पडत होती. सगुणा पाळीच्या खाली, चिंचेजवळ उभी होती, पाण्याकडे पाठ करून. तिला कुणी ढकललं नव्हतं. नुसतं तिच्या डोंग्यात दुसरं कुणी बसलं होतं.

मी पाळीवर चढलो आणि बोललो. माझ्या पुस्तिकेत आहे ते सगळं बोललो आणि नाही तेही. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ, त्याला ना सगुणा माहीत ना डोमा. माणूस बुडाला तो डोंगा उलटला म्हणून. लोकांनी ऐकून घेतलं. तिथली माणसं कुणाचं बोलणं मध्येच तोडत नाहीत. मग मी म्हणालो, आणि तुमचा पहिला निवाडा तरी काय वाईट होता? तुमचा वार सूर्यावर बदलतो ना? मग तुमच्या हिशेबाने तारा बुधवारचाच. मध्यरात्र ही आमची, कागदावरची सोय. तुमची गिनती तुमच्यापुरती बरोबरच आहे.

आडकूजी जाळं खाली ठेवून माझ्याजवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

“काल तुमी म्हनले का आमची गिनती चुकीची. शिकलेले मानूस, कागद पाहून म्हनले. आज म्हनता बराबर आहे. मी कोन्ती धरू जी? त्या टायमाले लोकायले थांबवाले माह्यापाशी येकच वार होता. तो तुमी नेला.”

मी म्हणालो की मी पुन्हा सगळ्यांना समजावून सांगतो, घरोघर जातो. तो म्हणाला, नका जाऊ, आता जितकं बोलाल तितकं तिच्यावर येईल. आणि परत पाण्यात उतरला.

मास्तरांचा निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी मला त्यांच्या जुन्या वहाणा दिल्या. मी घेत नव्हतो. म्हणाले, घाला, मले आता कुठी जाचं आहे. रागावले का असं विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच म्हटलं, “हिसाब तं खराच लावला तुमी. त्याले काई बोल नाई.” आणि हात माझ्या खांद्याच्या शोधात थोडा हवेत राहिला.

परत नदीवर

डोंग्यात माझ्याआधीच सगुणा बसली होती. मांडीवर एक गाठोडं, बाजूला पाणी भरायचा एक पितळी गुंड. कुरखेड्याच्या अलीकडे, वडशाच्या वाटेवर तिचा भाऊ राहतो, तिकडे निघाली होती. काही दिवसांसाठी का, असं मी विचारलं. तिने गाठोड्याकडे पाहिलं फक्त.

पाणी उतरलं होतं तरी ओढ होती. नावाडी वरच्या अंगाला डोंगा नेऊन मग सोडत होता. मध्यावर गेल्यावर तिने विचारलं, “तो तारा वापस कवा येईन जी?”

माझ्या पुस्तिकेप्रमाणे याला उत्तर असायला हवं होतं. मी तिला खरं ते सांगितलं. आम्ही जी वाट काढली तिला दुसरं टोक नाही. परतलाच तर इतक्या पिढ्यांनी, की आपल्याला त्या मोजता यायच्या नाहीत. तुझ्यामाझ्या लेखी तो गेला.

तिने मान हलवली. मग म्हणाली, की मोजताना तिला पाण्यात काहीतरी वाजल्यासारखं झालं होतं. मासोळी उडाली असेल असं वाटलं. मोजणं चुकेल म्हणून तिने मान वळवली नाही. हे तिने मास्तरांना सांगितलं नव्हतं, आडकूजीलाही नाही. तेव्हा अंधार होता की उजाडलं होतं, हे तिला आता काही केल्या आठवत नव्हतं. वार वेगळा होता तोवर आठवायची गरज नव्हती.

मी जन्मात पहिल्यांदा, गणित हातात असताना, त्याच्या उलट बोललो. “बुधवारच होता, बाई,” मी म्हणालो. “तारा बुधवारचाच.”

डोंगा काठाला लागला. तिने गुंड उतरवला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे काल म्हनाचं होतं जी,” ती म्हणाली, आणि चिखलातून वर चढू लागली.